कोरे नऊ सेकंद

मोरीतला नळ खाकरला.

त्याआधी बराच वेळ घरात काहीच वाजत नव्हतं. जुई पंख्याखाली पालथी झोपली होती, मुठीत बिस्किटाचा अर्धा तुकडा तसाच. दीपाली कानांना हेडफोन लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मुलगी उठेपर्यंत जमेल तेवढं काम उरकत होती. नळ खाकरला तसा तिने एक कान मोकळा केला. आठव्या दिवसाचं पाणी. आधी नुसती हवा, दीड मिनिटाने धार, आणि धार लागली की पाऊण तासात खेळ खलास. जालन्यातल्या बाईला हे घड्याळात बघावं लागत नाही.

"ईश्वरी, पाणी आलं गं."

विचार न करताच हाक निघाली. आतल्या खोलीतून ईश्वरी आली, नळाला पाइप लावला, पाइपचं तोंड ड्रममध्ये सोडलं. हात ओढणीला पुसत तिने शाळेचा एक कागद लॅपटॉपवर ठेवला.

"काकू, यावर सही लागते. शुक्रवारपर्यंत."

ईश्वरी म्हणजे दीपालीच्या मोठ्या दिरांची मुलगी. अंबडच्या पुढे त्यांचं गाव, तिथे शाळा सातवीपर्यंतच. म्हणून आठवीपासून ती काका-काकूंकडे राहत होती. आठवीला अठ्ठ्याऐंशी टक्के. नववीचा निकाल लागायचा होता, पण तोही कुठे चुकणार नव्हता.

कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं होतं: शिक्षण-ओढ निर्देशांक, एकतीस. शिफारस, गट ब. आणि खाली बारीक अक्षरात: मुदतीत सही न आल्यास पालकांची संमती गृहीत धरली जाईल.

"एकतीस?" दीपाली म्हणाली. "कुणा दुसरीचा कागद आला असेल."

"माझाच आहे. रोल नंबर बघा ना."

या आकड्यामागचं संशोधन खोटं नव्हतं, हे दीपालीला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या चाळीस हजार मुलांना एकच प्रश्न विचारला गेला: तुला कुठपर्यंत शिकायचं आहे? मग ती मुलं दहावीला बसेपर्यंत संशोधक थांबले. ज्यांनी लांबचं शिक्षण सांगितलं होतं त्यांना दहावीला मार्क जास्त पडले. त्यात नवल नाही. पण आठवीत अगदी सारखे मार्क असलेल्या दोन मुलांमध्येही, ज्याची इच्छा मोठी तोच दहावीत पुढे निघाला. म्हणजे इच्छेला स्वतःचं वजन होतं.

अडचण एवढीच, की मुलं तोंडाने काहीही सांगतात. बाप शेजारी उभा असला की सगळेच डॉक्टर. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की उत्तर ऐकण्यापेक्षा उत्तराच्या आधीची शांतता ऐकावी. जे मूल आपल्या पुढच्या आयुष्याचं चित्र रोज मनात फिरवतं, त्याच्या मेंदूत ती वाट मळलेली असते, विचारल्याबरोबर शब्द येतो. ज्याने ते चित्र कधी पाहिलेलंच नाही ते थांबतं, चाचपडतं, मग कुणाचंतरी ऐकलेलं सांगतं. प्रश्न संपल्यापासून उत्तराचा पहिला शब्द येईपर्यंतचा वेळ, आवाजातली थरथर, असं सगळं मोजून शून्य ते शंभरमधला एक आकडा निघायला लागला. मुलं त्याला नुसतं 'ओढ' म्हणत. तुझी ओढ किती? माझी बहात्तर. तुझी?

सुरुवातीला कमी ओढीच्या मुलांकडे जास्त लक्ष द्यायचं ठरलं होतं. दोन वर्षांत ते उलटं झालं. शिक्षक कमी, तास कमी. मग ज्यांना शिकायचंय त्यांनाच शिकवू, असं शाळांनी ठरवलं. नववीनंतर चाळीसच्या खालची मुलं गट ब मध्ये. तिथे गणित सोपं, विज्ञान निम्मं, पास होण्याची हमी. अकरावीला सायन्सचं दार मात्र बंद.

"तू उत्तर काय दिलं होतंस?" दीपालीने विचारलं.

"जे आहे तेच. जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं ते शिकायचंय म्हणलं. भूजलाचं. एम.एस्सी., मग पुढचं." ईश्वरीने पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. "आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडे विहिरीला पाणी आहे अन् पलीकडे दोनशे फुटांवर खडखडाट. ते का, हे मला चौथीपासून बघायचंय. यंत्राला ऐकू आलं नसेल तर मी काय करू?"

जुई उठली आणि रडायला लागली. ईश्वरीने तिला उचलून कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने पाइप धरून ठेवला.

*

शाळेत 'ओढ कक्ष' म्हणून एक खोली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. कक्ष बघायचे मुळे सर. ते मूळचे गणिताचे; हे काम त्यांच्या गळ्यात मारलेलं होतं आणि ते तसं बोलूनही दाखवत.

"पालकांना रेकॉर्डिंग ऐकता येतं. तुम्ही पहिल्याच आलात," ते म्हणाले. "बाकीचे सही करून मोकळे होतात."

दीपालीने पिशवीतून स्वतःचा हेडफोन काढला. सरांनी भुवया वर केल्या.

"तुम्ही याच लाइनमधल्या का?"

"आवाज साफ करते. घरूनच."

रेकॉर्डिंगही घरचंच होतं. शाळेत मुलं बुजतात, घरी मोकळी बोलतात, म्हणून पालकांच्या फोनवरच घ्यायचं असा नियम होता. पडद्यावर निळी रेघ सरकायला लागली. गोड आवाजात प्रश्न आला: तुला कुठपर्यंत शिकायचं आहे? मग शांतता. एक, दोन, तीन. आठ, नऊ. मग ईश्वरीचा आवाज, स्पष्ट, न अडखळणारा: मला जमिनीखालचं पाणी शिकायचं आहे.

"बघा. नऊ पूर्णांक सहा," सर म्हणाले. "वर्गात सगळ्यात जास्त."

"पुन्हा लावा."

तिने चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा डोळे मिटून. घरातली शांतता कधीच कोरी नसते. पंखा असतो, फ्रिज असतो, गल्लीत कुणाची तरी गाडी असते. प्रश्न संपल्यावर पहिला निमिषभर पंख्याची घरघर होती. मग घरघर एकदम नाहीशी झाली, सुरीने कापावी तशी. पुढे नऊ सेकंद काहीच नाही, पंखासुद्धा नाही. आणि मग पंख्यासकट ईश्वरी.

ही कोरी शांतता तिच्या ओळखीची होती. ती तिनेच तयार केली होती.

सहा वर्षांपूर्वी, जुई पोटात असताना, तिला पुण्याच्या कंपनीचं हे काम मिळालं. यंत्राला शिकवण्यासाठी मुलांच्या हजारो ध्वनिफिती साफ करायच्या होत्या. नियम क्रमांक चार तिला अजून पाठ होता: घरगुती आवाज व इतर व्यक्तींचे बोलणे निःशब्द करावे, कालावधी कापू नये. कुकरची शिट्टी आली, कर निःशब्द. आईने हाक मारली, कर निःशब्द. मुलाने मध्येच "आलो" म्हटलं, तेही हाकेबरोबरच गेलं. तिने अकरा हजार फिती केल्या होत्या. दीपाली मॅडमचं काम सगळ्यात स्वच्छ, असा निरोप यायचा. पुढे यंत्र तिच्या आणि तिच्यासारख्या बायकांच्या हातावरून तेच शिकलं, आणि आपलं आपण करायला लागलं; तिच्याकडे कंपनीच्या दुसऱ्या फिती यायला लागल्या.

एकाही बाईच्या मनात आलं नव्हतं, की आवाज गेला तरी वेळ मागे राहतो. घरातला आवाज म्हणजे कचरा, तो काढायचा असतो. त्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा कुकर शिट्ट्या देत होता आणि त्या हेडफोन घट्ट दाबून बसल्या होत्या.

"सर, तारीख काय आहे यावर?"

"नऊ जानेवारी. दुपारी दोन सत्तेचाळीस."

ती घरी आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटत गेली. पाण्याच्या दिवशी ती तारखेला निळ्या पेनाने गोल करायची, म्हणजे पुढचा दिवस मोजता येतो. नऊ जानेवारीला गोल होता.

"ईश्वरी," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुला हाक मारली होती का?"

ईश्वरी जुईची वेणी घालत होती. "हो. मी बोलायला तोंड उघडलं अन् तुम्ही हाक मारली. मी 'आले काकू' म्हणलं. तुम्ही म्हणालात पाइप घट्ट बसव, मागच्या वेळी सुटला होता. मी 'हो' म्हणलं. मग उत्तर दिलं." तिने रबर लावलं. "का?"

*

दुसऱ्या दिवशी तिने जानेवारीचं पान फाडून पिशवीत घातलं आणि पुन्हा शाळा गाठली. मुळे सरांनी पान नीट बघितलं. माणूस वाईट नव्हता. तिचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसले, मग निळ्या गोलावर बोट ठेवलं.

"म्हणजे पोरीने निम्म्या सेकंदात तोंड उघडलं होतं."

"सहा दशांश."

"मला पटतंय मॅडम. पण मला पटून काय उपयोग? खरं सांगू का, मूल का थांबलं हे यंत्र विचारतच नाही. जी थांबली त्यांना मार्क कमी पडतात, एवढंच त्याला ठाऊक. आणि पडतातच. शंभरात त्र्याऐंशी वेळा बरोबर येतं."

"पाणी भरतात म्हणून कमी पडतात सर. भावंडं सांभाळतात म्हणून. यंत्र ओढ मोजतच नाही, घरातून किती हाका येतात ते मोजतंय."

"असेल."

"मग?"

"मग पडतातच ना कमी?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. "शाळेला निकाल लागतो मॅडम. कारण नाही लागत."

दीपालीला त्या क्षणी खूप काही बोलायचं होतं, आणि यंत्र लावलेलं असतं तर तिचीही ओढ तिशीच्या खालीच भरली असती.

घरी आल्यावर तिने एक खुळ्यासारखी गोष्ट केली. फोन फडताळावर ठेवून चार ते नऊ रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि घर नेहमीसारखं चालू दिलं. दुसऱ्या दिवशी जुई झोपल्यावर ते ऐकायला बसली. पाच तासांतल्या हाका तेवढ्या वेचल्या. ईश्वरी, दूध बघ. ईश्वरी, जुईला धर जरा, माझा कॉल आहे. ईश्वरी, काका आले, पाणी दे. ईश्वरी, अभ्यास झाला का गं? आणि लगेच पुढे, मग कोथिंबीर निवडतेस? तेवीस हाका. सगळ्या प्रेमाच्या. एकातही राग नव्हता, एक तर लाडाने लांबवलेली होती. नवऱ्याच्या, संदीपच्या नावाची हाक एकही नव्हती.

तिने हेडफोन काढून ठेवला. स्वतःचा आवाज निःशब्द करावा असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं करता येईल अशी तिची खात्री झाली.

हरकतीचा अर्ज तिने त्याच दुपारी लिहिला. नियम क्रमांक चार लिहिला, अकरा हजार फिती लिहिल्या, कॅलेंडरचं पान जोडलं. संदीप रोलिंग मिलची पहिली पाळी करून आला होता. त्याने चहा करून घेतला, तिलाही दिला, आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"सगळं बरोबर आहे. तुझं नाव तेवढं काढ."

"मग कुणाचं घालू?"

"अगं, गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहेस तू. काम जाईल. अन् घरात बसून, लेकरू सांभाळून होणारं दुसरं काम दाखव मला या गावात."

"लेकरू कोण सांभाळतंय, ते ऐकायचंय का तुम्हाला? रेकॉर्डिंग आहे."

संदीपने दोन्ही कप मोरीत नेले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा विसळले. कान तुटला एकाचा.

शुक्रवारी अर्ज गेला.

*

कंपनीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. फार सभ्य मराठीत होतं. आपण दाखवून दिलेली त्रुटी खरी असल्याचे तपासणीत आढळले. याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. यापुढे घरगुती आवाज निःशब्द केले जाणार नाहीत. त्याऐवजी 'गृहव्यत्यय' हा स्वतंत्र घटक म्हणून मोजले जातील. या सुधारणेमुळे यंत्राची अचूकता शंभरात त्र्याऐंशीवरून सत्त्याऐंशीवर गेली आहे. आपल्या पाल्याचा सुधारित निर्देशांक: सत्तावीस.

त्याखाली दुसरा, छोटा निरोप: गोपनीय कार्यपद्धती उघड केल्याने आपले काम तूर्त थांबवण्यात येत आहे.

दीपालीने पहिला निरोप दोनदा वाचला. चूक तिने दाखवली, त्यांनी ती सुधारली, आणि सुधारलेल्या यंत्राने पोरीला आणखी चार पायऱ्या खाली ढकललं. आधी त्याला वाटत होतं ही मुलगी थांबली. आता त्याला नीट कळलं होतं, की हिला सारखं कुणीतरी बोलावतं. आणि ज्यांना सारखं कुणीतरी बोलावतं त्यांचं दहावीला काय होतं, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. तिला भांडायला माणूस हवा होता. समोर फक्त आभार होते.

ईश्वरीने वाचलं आणि ती चक्क हसली.

"आणखी एकदा अर्ज केला असता तर वीसवर आले असते."

"हसू नको गं."

"मग काय करू?" तिने दप्तरातून घडी घातलेला एक फॉर्म काढला. "सतरा नंबर भरते काकू. बाहेरून बसते दहावीला. शाळेत नाव नाही म्हणजे ओढ मोजायलाच कुणी नाही. गणित पूर्ण, विज्ञान पूर्ण. मुळे सरांनी सांगितलं. रविवारी गणितही घेतो म्हणाले. मी सांगितलं म्हणू नको, असंही म्हणाले."

सतरा नंबर. नापास होऊन घरी बसलेल्या पोरांचा, लग्न होऊन मध्येच शाळा सुटलेल्या बायकांचा फॉर्म. दीपालीच्या चुलत बहिणीने भरला होता, दोन लेकरांनंतर. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या मुलीने तो भरायचा.

"लोक विचारतील, नापास झाली का म्हणून."

"विचारू द्या. बाबांशी मी बोलले. ते म्हणले, काकूला विचार, घर तिचं आहे."

दीपाली फॉर्म हातात घेऊन बसली. आनंद व्हायला हवा होता, थोडासा झालाही. मग तिला दिसलं. शाळेचे सहा तास तरी हे घर ईश्वरीपासून लांब होतं. आता ती दिवसभर इथेच असणार, आतल्या खोलीत, एका हाकेच्या अंतरावर. आणि दीपालीला नवीन काम शोधायचं होतं. ते मिळालं तर पुन्हा हेडफोन, पुन्हा झोपलेलं मूल, पुन्हा दीड मिनिटात लागणारी धार. यंत्राने सत्तावीस म्हटलं होतं. त्याला ओढ कळत नव्हती, पण हे घर त्याला बरोबर कळलं होतं. आणि त्याचा आकडा खोटा पाडण्याचं काम आता ईश्वरीचं नव्हतं.

"भर," ती म्हणाली. "आणि एक ऐक. मी हाक मारली तर ओ देऊ नकोस."

"असं कसं? तुम्ही हाक मारली की तोंडातून आपोआपच निघतं."

"माझ्याही."

ईश्वरी फॉर्म घेऊन आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. दोन वर्षांत त्या खोलीचं दार दिवसा पहिल्यांदा लागलं होतं, त्याची बिजागरी कुरकुरते हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

*

पुढच्या पाण्याच्या दिवशी नळ साडेतीनला खाकरला. दीपाली जमिनीवर बसून एका हिशेबनिसाच्या कामाचा अर्ज भरत होती, अर्ध्यावर. हाक गळ्यापर्यंत आली. तिने ओठ मिटून ती परत आत ढकलली. दुखलं, खरोखर दुखलं. लोटलेल्या दारामागे पेन चालत होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा चालत होतं. तिने अर्ज बाजूला सारला, मोरीत जाऊन पाइप लावला. पहिल्यांदा तो सुटला आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली. दुसऱ्यांदा बसला.

मागे पावलं वाजली. जुई झोपेतून उठून आली होती, गालावर चटईचे वळ, हातात तिची छोटी स्टीलची लोटी. ड्रमशेजारी ती टाचा उंचावून उभी राहिली. काठ तिच्या कपाळापर्यंत येत होता.

"ताई कुठंय?"

"अभ्यास करतेय. तिला नाही बोलवायचं."

जुईने बंद दाराकडे बघितलं, मग आईच्या भिजलेल्या साडीकडे. थोडा वेळ ती लोटी ड्रमच्या पत्र्यावर हळूहळू वाजवत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला, फार दिवस मनात असलेली गोष्ट आता मागता येईल असं वाटल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "मग आता पाणी आलं की मला हाक मारशील?"